एका छत्रीवर तीन टीव्ही

१

आमच्या घरावर एक छत्री होती आणि त्या एका छत्रीवर तीन घरं टीव्ही बघत. छत्री म्हणजे फुकटचे चॅनेल पकडणारी ती पत्र्याची ताटली. तिची वायर माझ्या बैठकीतल्या बॉक्सला यायची. बॉक्समधून निघालेली वायर जिन्यातल्या भिंतीवर ठोकलेल्या स्प्लिटरमध्ये जायची आणि तिथे तिला तीन फाटे फुटायचे. एक माझ्या टीव्हीला, एक खाली व्यंकट आणि शिल्पाच्या टीव्हीला, एक वर छतावरच्या खोलीत बुद्धप्रिया मॅडमच्या टीव्हीला. बॉक्स एक, रिमोट एक, आणि तो घरमालकाच्या म्हणजे माझ्या हातात. मी लावीन ते तिन्ही घरांत लागे. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर अख्खी नोकरी काढली, तिथे शिपायानेसुद्धा माझं कधी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तीन कुटुंबांना सोयाबीनवरच्या खोडमाशीचा बंदोबस्त सक्तीने बघायला लावण्याची सत्ता मिळाली. ती मी मनसोक्त वापरली.

सत्तेबरोबर जबाबदारीही आली. विष्णुपुरीकडच्या झाडीतून वानरं यायची आणि छत्रीला लोंबकळायची. मग चित्र जायचं, मुंग्या यायच्या, आणि मी छतावर जायचो. छत्री दोन्ही हातांनी धरून कणभर फिरवायची आणि खाली ओरडायचं, "आलं का?"

बैठकीतून माझी बायको शिवकन्या ओरडायची, "आलं, आलं... गेलं."

तळमजल्यावरून शिल्पा, "आमच्याकडं न्हाई आलं, काका."

आणि दहा पावलांवरच्या खोलीतून बुद्धप्रिया मॅडम, "माझ्याकडे आलंय. आता हात लावू नका."

खिशात मोबाईल असायचा, पण या कामाला तो कुणी वापरला नाही. लग्न झालं तेव्हा काड्यांचा अँटेना होता. तेव्हापासून मी वर गेलो की शिवकन्या टीव्ही लावून समोर बसते. मी टाकी धुवायला गेलो तरी बसते. वर नवरा आणि खाली टीव्ही बंद, हे तिच्या संसारात बसत नाही.

वानरांनी छत्रीचा जुना पाईप वाकवला तेव्हा मी बोअरमधून निघालेला एक जाड लोखंडी पाईप बसवला. छातीपर्यंत उंच, हातात धरला तर खांदा उतरेल इतका जड. त्याला चंदेरी रंग लावला. अर्ध्यात रंग संपला. खालचा भाग गंजका राहिला. सरकारी काम वाटावं इतपत बरा झाला होता.

२

शिल्पा पाणी भरायला जिन्याखाली आली होती. कळशी खाली ठेवून म्हणाली, "काका, एक बोलू का? रागवू नका."

"रागवायचं वय गेलं. बोल."

"कालची ती मालिका नका लावत जाऊ. म्हातारीला मारायलेली."

"काल मी सोयाबीन लावलं होतं."

"सोयाबीन होतंच की. मधीच ते आलं. पोपटी भिंतीची खोली. एक माणूस पाठमोरा. म्हातारी खाली पडलेली अन ह्यो पाईपानं हाणायला. आवाज न्हाई, गाणं न्हाई, काही न्हाई. नुसतं हाणायला. तुरी बडवतात तसं, दम खात खात."

"मग बंद करायचा."

"मी म्हणलं की ह्यांना. तर म्हणले थांब, आता पोलीस येतील."

"आले का?"

"न्हाई. परत सोयाबीन आलं."

तिचा नवरा व्यंकट धान्याच्या मोंढ्यात आडतीवर कामाला होता. मूळचा धर्माबादचा. संध्याकाळी त्याला विचारलं तर त्याने तेच सांगितलं, वर एक सुधारणा सुचवली. "काका, हाणामारी दाखवायची तर दाखवू द्या, पण माणसाचं तोंड तरी दिसू द्या. नुसत्या पाठीला काय बघायचं?"

मी त्याला समजावलं. बॉक्स एक आहे. माझ्याकडे जे दिसतं त्याचीच नक्कल तुझ्याकडे जाते. मूळ कागदावर सोयाबीन असेल तर प्रतीवर खून कसा येईल? नोकरीभर प्रती काढल्यात मी.

व्यंकटने मान डोलावली. पटलं म्हणून नाही. भाडेकरू डोलावतात तशी.

मी वर आलो. आमची बैठक पोपटी रंगाची आहे, पण पोपटी रंगाची बैठक मराठवाड्यात प्रत्येक तिसऱ्या घरात असते. हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे.

३

बुद्धप्रिया मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. भोकरकडच्या. अंधश्रद्धा समोर आली तर तिची उलटतपासणी घेणारी बाई. रविवारी सकाळी त्या खाली आल्या, खुर्चीवर बसल्या आणि चहा येईपर्यंत भिंतीकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे. मशीनवर शिवकन्येने विणलेला फुलांचा रुमाल असतो.

"काकू, जरा हात दाखवता?"

"तुम्हाला हात बघता येतो, मॅडम?" शिवकन्या खुश झाली. "बघा, नातू कवा होतो त्ये बघा."

मॅडमनी तळहात बघितलाच नाही. बाही वर सारून दंड बघितला, मग दुसरा. शिवकन्येला आधी कळेना. कळल्यावर ती पोट धरून हसली. "अवं, ह्यांना? ह्यांना झुरळ मारता येत न्हाई. झुरळ दिसलं की खुर्चीवर उभं राहून मला अर्ज करतात."

मॅडम हसल्या नाहीत. जिन्यात मला गाठून त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या टीव्हीला कॅमेरा आहे?"

"माझ्या टीव्हीला धड आवाज नाही."

"मग काल मी तुमची बैठक कशी पाहिली? टीव्ही ठेवलाय तिथूनच दिसत होती. तुमचं घड्याळ, ते मशीन. काकू मशीनखाली सरपटत गेल्या. त्यानं पाय धरून बाहेर ओढलं. मशीन उलटलं." त्या बोलताना कठडा धरून होत्या. "मग त्यानं त्यांचा हात पायाखाली दाबला. आधी हातावर मारलं. मग..."

"मशीन उभं आहे, मॅडम. तुम्ही आत्ता बघितलंत."

"म्हणूनच विचारते. सिग्नल एका दिशेनं जातो. तुमच्याकडून माझ्याकडे चित्र यायला तिथं काहीतरी बघणारं असावं लागतं. मी मुलांना हेच शिकवते."

"मग तेच शिकवत राहा."

त्यांना राग आला नाही, हे मला जास्त लागलं. जाताना म्हणाल्या, "साडी लालभडक होती. पिवळे काठ."

मी आत जाऊन कपाट उघडलं. शिवकन्येकडे लाल साडी नाही. भडक रंग तिला लग्नातसुद्धा चालला नव्हता. करडी, मोतिया, फिकी जांभळी, सगळ्या अशाच. मी एकेक घडी उलटून बघितली. मग कपाट लावून चहा प्यायलो. चहा गार झाला होता तरी बरा लागला.

४

फॉल्ट शोधायची पद्धत असते. एकेक सांधा तपासायचा आणि जो निर्दोष निघेल त्याला वगळायचं. मी स्प्लिटर उघडला, साफ केला, नवीन पिना बसवल्या. खालची वायर वरच्या भोकात आणि वरची खालच्या भोकात लावली. दुपारची वेळ होती. शिवकन्या बैठकीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. टीव्हीवर कुणीतरी अधिकारी ठिबक सिंचनाचं उद्घाटन करत होता.

"आलं का?" मी जिन्यातून विचारलं.

"आलं," शिवकन्या म्हणाली.

"काका, तुम्ही खाली या," शिल्पा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी खाली गेलो. शिल्पा भिंतीला पाठ लावून उभी होती. व्यंकट जेवायला आला होता, पण ताट तसंच होतं. टीव्हीवर माझी बैठक होती.

आधी मी, कारकुनाने करावं तसं, काय काय बरोबर आहे ते बघितलं. घड्याळ बरोबर, दार बरोबर, उलटलेलं मशीन आमचंच. फरशीवर लाल साडीतली बाई पालथी होती. ती अजून जिवंत होती. हाताने फरशी पुसल्यासारखं करत होती आणि जिथे पुसत होती तिथे आणखी माखत होतं. पाठमोरा माणूस दोन्ही हातांनी पाईप डोक्यावर नेत होता. पाईप अर्धा चंदेरी, अर्धा गंजका. घाव पाठीवर बसला, मग मानेखाली. बाईचे पाय उडाले. आवाज टीव्हीतून येत नव्हता. तो वरून येत होता, आमच्या डोक्यावरच्या स्लॅबमधून. ठक. थांबून, ठक.

"वर काकू काही कुटायल्यात का?" व्यंकटने हळूच विचारलं.

त्या माणसाच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. उजव्या खांद्यावर काळ्या लोकरीचं रफू. तसं रफू शिवकन्येनेच केलं होतं, कारण घरात तपकिरी लोकर संपली होती, आणि मी तो स्वेटर त्या क्षणी घातला होता.

मग तो थांबला. पाईप काखेत धरला. चष्मा काढला, काचांवर हाः करून फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. नीट दिसू लागल्यावर त्याने पाईप पुन्हा उचलला.

मी जिना चढून वर धावलो. शिवकन्या घाटे सोलत होती. मांडीवर फिकी जांभळी साडी, साडीवर टरफलं. मशीन उभं.

"काय झालं? खाली आलं का?" तिने विचारलं.

"आलं," मी म्हणालो. आणखी काय सांगणार होतो?

५

तिला काही सांगायचं नाही, हे मी जिना उतरताना ठरवलं. रात्री झोपायचं तिला माझ्या शेजारीच होतं.

खाली चित्र अजून होतं. बाई हलत नव्हती. माणूस पाईप टेकून उभा होता, धाप लागल्यासारखे खांदे हलत होते. मग त्याला आठवण झाल्यासारखं झालं आणि तो टीव्हीच्या दिशेने वळायला लागला. आधी हनुवटी आली. हनुवटीवर उडालेले थेंब. तो वाकत होता. टीव्हीत कोण बघतंय ते बघायला वाकत होता.

व्यंकटच्या ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि तो चेहरा पुरता येण्याआधी टीव्हीवर घातला. काच तडकली तरी मधोमध उजेड राहिला. मी पुन्हा घातला. टीव्ही फळीवरून कोसळला, तरी मी खाली बसून मारत राहिलो. प्लास्टिक झालं, पत्रा झाला, मग नुसती फरशी लागत होती. टीव्ही संपला हे मला केव्हाच कळलं होतं. पण हात चांगला चालत होता. तालात आला होता. इतक्या वर्षांत या हाताने शिक्का सोडून काही आपटलं नव्हतं, आणि हाताला ते आवडलं. हे लिहिताना शरम वाटते, पण फॉल्ट शोधायचा तर कोणताच सांधा लपवून चालत नाही.

व्यंकटने मला मागून धरलं. मी बत्ता त्याच्या दिशेनेही फिरवला. तो त्याच्या कानाजवळून गेला. मग त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, एकच, पण मोंढ्यात पोती उचलणाऱ्या माणसाचा. माझा एक दात त्यांच्या फरशीवर राहिला. शिल्पा ओरडत नव्हती. तोंडावर पदर दाबून माझ्या हाताकडे बघत होती.

"सोडा आता," व्यंकट म्हणाला. "काका, बत्ता खाली ठेवा. ठेवा म्हणतो न."

मी ठेवला. चष्मा निखळला होता. उचलला, फुंकर मारली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलो.

तेव्हा मात्र शिल्पा ओरडली.

६

त्यांनी खोली सोडली. सामान टेम्पोत चढवताना व्यंकट माझ्याशी एकच वाक्य बोलला. "काकूला जपा. कुणापासून त्ये तुम्हाला ठाऊक हाय."

शिवकन्येला मी सांगितलं की जिन्यावरून पडलो, दात गेला, आणि खालच्या लोकांना धर्माबादला घर मिळालं. दातासाठी ती हळहळली आणि तिने मला मऊ खिचडी घातली. मी खाताना ती समोर बसून होती, मग आणखी वाढायला चुलीकडे वळली. तिच्या मानेवर, केस संपतात तिथे, एक तीळ आहे. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. आता बघत होतो आणि बघतोय याची मला भीती वाटत होती. स्वेटर मी चुलीत घातला. थंडी वाजली तर वाजू दे.

मॅडम कॉलेजातून मधल्या सुट्टीत फोन करायच्या. मला नाही, शिवकन्येला. "काकू, काय चाललंय?" शिवकन्या त्यांना भाजीपर्यंत सगळं सांगायची. त्यांनी त्यांच्या टीव्हीची वायर काढून टाकली होती. मी आमच्या टीव्हीचा प्लग काढला होता. शिवकन्येला म्हणालो, बॉक्स बिघडलाय.

आता फक्त छत्री उरली. मी शांतपणे विचार केला. स्वेटर जळाला. लाल साडी घरात नाही. राहिला पाईप. पाईप छतावर चार बोल्टांनी कठड्याला आवळलेला आहे. तो काढून गोदावरीत टाकला की त्या चित्रातली एकही वस्तू शिल्लक राहत नाही. फाईल बंद.

मॅडम कॉलेजला गेल्या होत्या. दुपारी शिवकन्या जेवून आडवी झाली. ती घोरायला लागल्यावर मी बाहेर आलो, बैठकीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आता तिच्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं, आणि मी तर वर जाणार होतो. स्वतःच्या हुशारीचं मला थोडं कौतुकही वाटलं.

७

वर ऊन लख्ख होतं. कठड्यावर एक वानर बसलं होतं. मला बघून ते नेहमीसारखं पळालं नाही, बाजूला सरकून बसलं.

मी पकडीने वायर कापली. कापलेलं टोक माझ्या पायाशी पडलं. छत्रीचे नट सोडवले, ती काढून उलटी ठेवली. नुसता पाईप राहिला. मी पान्याला हात घातला, तेवढ्यात खालून हाक आली.

"आलं हो."

छत्रीचा आवाज ऐकून ती उठली असणार. मी वर आहे म्हटल्यावर तिने प्लग लावला असणार आणि समोर बसली असणार. त्यात नवल काही नव्हतं.

"टीव्ही बंद कर," मी ओरडलो. "वायर कापलीय मी."

"ऐकू न्हाई आलं. एकदम साफ आलंय बघा. आता हात लावू नका."

मी जिन्याकडे गेलो नाही. पाईप सोडवेना. तिथूनच विचारलं, "काय दिसतंय?"

"कुणाची तरी बैठक हाय. आपल्यावानी मशीन हाय. बाई बसलीय एक." ती हसली. "अवं, साडी बी माझ्यासारखीच नेसलीय. लालभडक. सांगायचं राहिलं तुम्हाला, सकाळी तुम्ही भाजीला गेल्तात तवा उदगीरहून मल्लिकार्जुन आला होता, पोरीच्या लग्नाचा आहेर देऊन गेला. आता उठून नेसून बघितली. म्हणलं, भावाची हाय, एकदा तरी नेसावं."

"शिवकन्या, आतल्या खोलीत जा. कडी लाव."

"काय म्हणलात?"

मी पुन्हा ओरडणार होतो. पण खाली तिचा आवाज बदलला. ती आता वर ओरडत नव्हती. समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळू बोलत होती, आणि वाऱ्याचा आवाज नसल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तुम्ही कवा उतरलात? ... अन ह्यो पाईप कशाला आणलात घरात? फरशी फुटंल की."

किल्ली माझ्या खिशात होती. मी चाचपून बघितली. पाईप माझ्या समोर होता, चार बोल्ट जागेवर, वर चंदेरी, खाली गंजका. धावलो तर जिना, मग कुलूप, मग दार, आणि तेवढा वेळ पाईप मोकळा. जोवर तो माझ्या हातात आहे तोवर तो खाली कुणाच्या हातात असू शकत नाही. हिशेब सरळ होता. मी तो दोन्ही हातांनी आवळून धरला.

"असं काय बघायलात?" खाली शिवकन्या म्हणाली. मग समजूत काढल्यासारखं, "चष्मा कशाला पुसायलात सारखा. आणा इकडं, मी देते पुसून."

ठक.

माझ्या हातात पाईपाला हिसका बसला. काहीतरी जड, मऊ लागावं तसा. बोल्ट जागेवर होते.

तो सुटू नये म्हणून मी आणखी घट्ट धरला.